केबलच जेव्हा अँटेना बनते : अनावश्यक लहरींचा आगाऊ अंदाज

ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या कॉर्व्हॅलिस शहरात बचाव पथक एका सदनिकेच्या दारात येऊन ठेपले. १२१.५ मेगाहर्ट्झ या आपत्कालीन कंप्रतेवरील संकटसंदेश उपग्रहाने टिपला होता. प्रत्यक्षात त्या घरातील दूरचित्रवाणी संचातूनच त्या लहरी बाहेर पडत होत्या. उपग्रहांनी या कंप्रतेवरील संदेश टिपणे २००९ मध्ये थांबवले असले, तरी विमानांच्या आपत्कालीन संभाषणासाठी ती आजही राखीव आहे.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून अशा अनावश्यक विद्युतचुंबकीय लहरी बाहेर पडू नयेत यासाठी मर्यादा घालून दिलेल्या असतात. मात्र, चाचणीत अनेकदा दोष आढळतो तो उपकरणात नव्हे, तर त्याला जोडलेल्या केबलमध्ये.

केबलमधील एका तारेतून विद्युतप्रवाह जातो आणि दुसरीतून परत येतो. हे दोन्ही प्रवाह विरुद्ध दिशेचे असल्याने त्यांच्या लहरी बहुतांशी परस्परांना निष्प्रभ करतात. परंतु उपकरणाच्या मंडलपट्टीवरील भूसंपर्क सर्वत्र समान विभवाचा नसतो. एखाद-दुसऱ्या मिलिव्होल्टच्या फरकामुळेही केबलच्या सर्व तारांतून एकाच दिशेने अत्यल्प प्रवाह वाहू लागतो. त्याला सामाईक प्रवाह म्हणता येईल. त्याच्या लहरी परस्परांना छेद देत नाहीत. त्या एकत्र येतात आणि केबल अँटेनाप्रमाणे वागू लागते.

या लहरींची तीव्रता आधीच काढता येते. आखूड केबलच्या बाबतीत ती प्रवाह, कंप्रता आणि केबलची लांबी यांच्या सम प्रमाणात, तर अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. जमिनीवरून होणारे परावर्तन धरून प्रवाह (अँपिअर), कंप्रता (हर्ट्झ) आणि लांबी (मीटर) यांच्या गुणाकाराला अंतराने भागावे आणि १.२६ दशलक्षांशाने गुणावे, की मीटरमागे व्होल्टमध्ये उत्तर मिळते.

उदाहरणार्थ, १ मीटर केबलमध्ये ५० मेगाहर्ट्झचा केवळ ५ मायक्रोअँपिअर सामाईक प्रवाह असेल, तर ३ मीटर अंतरावर तीव्रता सुमारे १०५ मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर होते. घरगुती वापराच्या उपकरणांसाठी या कंप्रतेला अमेरिकी नियमांची मर्यादा १०० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर आहे. म्हणजेच एवढ्याशा प्रवाहाने उपकरण अनुत्तीर्ण ठरते. एकमेकींपासून मिलिमीटरभर अंतरावरील दोन तारांतून विरुद्ध दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला तेवढ्याच लहरी निर्माण करण्यासाठी सुमारे हजार पट मोठे व्हावे लागते.

हे गणित लांब केबलला लागू पडत नाही. केबलची लांबी तरंगलांबीच्या निम्मी झाल्यास अनुस्पंदन होऊन उत्सर्जन वाढू शकते. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते. त्यामुळे दीड मीटरची साधी केबलही एफएम रेडिओच्या पट्ट्यात प्रभावी अँटेना बनू शकते. रेडिओशेजारी एखादे उपकरण सुरू करताच खरखर वाढते, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

भारतात ‘समीर’ या शासकीय संशोधन संस्थेत अशा चाचण्यांची सोय आहे. परंतु प्रयोगशाळेत दोष आढळल्यास उपकरणाची रचनाच बदलण्याची वेळ येते. त्याऐवजी अभियंते आपल्याच टेबलावर केबलभोवती प्रवाहमापक चिमटा बसवून सामाईक प्रवाह मोजतात. चिमट्याच्या कड्यात सर्व तारा एकत्र असल्याने जाणारा आणि येणारा प्रवाह वजा होऊन केवळ घातक भाग दिसतो. तो निम्मा केला, की लहरींची तीव्रताही निम्मी होते.

त्यासाठी केबलवर फेराइटचे कडे बसवणे, तिचे धातूचे आवरण उपकरणाच्या धातूच्या पेटीला सर्व बाजूंनी जोडणे आणि मंडलपट्टीचा भूसंपर्क सुधारणे हे उपाय योजले जातात. अनेक संगणकीय केबलींच्या टोकाजवळ दिसणारा फुगीर गोळा म्हणजे असेच फेराइट होय.