जुनें यंत्र, नवी प्रणाली आणि मधला दुभाषी

अर्धापूर म्हटलें कीं केळीच्या बागा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. पण नांदेड जिल्ह्यांतील ह्या तालुक्याच्या गांवीं हल्लीं बागेइतकीच गरजेची झालेली दुसरी एक जागा आहे. संगणक, छपाईचें यंत्र, स्कॅनर आणि बोटाचा ठसा घेणारी लहानशी डबी मांडून बसलेलें सेवा केंद्र, ही ती जागा. सात-बाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, फळपीक विम्याचा अर्ज, हीं सारीं कामें तेथें होतात. अशा एखाद्या केंद्रांत एके रात्रीं संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नवी करून घेतली अशी कल्पना करावी. सकाळीं दारांत दहा शेतकरी उभे आहेत, विम्याची मुदत दोन दिवसांवर आली आहे, आणि स्कॅनर कांहीं केल्या जागा होत नाहीं. यंत्र मोडलेलें नाहीं. काल सायंकाळपर्यंत तें उत्तम चाललें होतें. विकणारा म्हणतो, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, प्रणाली आम्हीं बदलली नाहीं. प्रणालीवाले म्हणतात, स्कॅनर आमचा नव्हे. मग उत्तरदायी कोण?

मराठवाड्याच्या माणसाला हा प्रश्न समजावयास फार लांब जावें लागत नाहीं. निजामी राजवटींत दफ्तराची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें, पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि कचेरीची भाषा पालटली. घरोघरच्या पेटींतील कागद मात्र होते तेच राहिले. कागद खरा, शिक्का खरा, पण समोरच्या कारकुनाला तो वाचतां येईना. तेव्हां दुभाषी शोधण्याचा भार कागदाच्या धन्यावरच पडला. २०२३ सालीं जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला त्या वेळीं तर उर्दू आणि मोडी वाचणारीं माणसें सरकारलाच शोधावीं लागलीं.

संगणकांतील ड्रायव्हर हा असाच दुभाषी होय. छपाईयंत्राला फक्त आपली बोली कळते. कार्यप्रणाली आपल्या बोलींत हुकूम सोडते. ‘हें पान छाप’ ह्या एका हुकुमाचें त्या विशिष्ट यंत्राला उमजेल अशा शेंकडों बारीक सूचनांत रूपांतर करणारी जी आज्ञावली, ती ड्रायव्हर. बहुधा ती यंत्र करणारी कंपनीच लिहिते, कारण यंत्राची बोली तिलाच ठाऊक. पण ती लिहावयाची कोणत्या व्याकरणानें, हें प्रणालीवाला ठरवितो. एकाची भाषा, दुसऱ्याचें व्याकरण, आणि पैसे तिसऱ्याचे. सारा घोटाळा ह्यांत आहे.

हा घोटाळा जगासमोर उघडा पडला तो २००७ सालीं. त्या वर्षींच्या ३० जानेवारीस मायक्रोसॉफ्टची विंडोज व्हिस्टा बाजारांत आली. तिनें चित्र आणि ध्वनि ह्या दोन्हीं बाबतींत जुनें व्याकरण जवळजवळ मोडून नवें घातलें. ६४ बिटांच्या आवृत्तींत तर सहीशिक्का नसलेला ड्रायव्हर गाभ्यांत शिरूं देणेंच बंद केलें. हेतु वाईट नव्हता. ड्रायव्हर प्रणालीच्या माजघरांत वावरतो, आणि तेथें त्याचें पाऊल चुकलें तर सारें घर कोसळतें. पण पुष्कळ कंपन्यांचे नवे ड्रायव्हर वेळेवर तयार नव्हते, किंवा कच्चे होते. पुढें अमेरिकेंतील एका खटल्यांत मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत कागद बाहेर आले. त्यांतील २००७ च्या नोंदींप्रमाणें व्हिस्टा कोलमडण्याच्या प्रसंगांपैकीं शेंकडा सुमारें २९ एनव्हिडिया ह्या चित्रकार्डें करणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरमुळें घडले होते; मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वाटा शेंकडा सुमारें १८ होता, आणि शेंकडा १७ प्रसंगांचें कारण कळलेंच नव्हतें. हे आंकडे पाहून सारा दोष कार्ड करणाराच्या माथीं मारणें सोपें आहे. पण नियम कोणीं बदलले, हेंहि विसरतां कामा नये.

त्याहून बोधप्रद प्रकार क्रिएटिव्ह ह्या ध्वनिकार्डें विकणाऱ्या कंपनीचा. तिच्या जुन्या कार्डांचे कांहीं गुण व्हिस्टावर नाहींसे झाले. ब्राझीलमधील एका गृहस्थानें कंपनीचेच ड्रायव्हर दुरुस्त करून ते गुण परत आणले आणि लोकांना दिले. मार्च २००८ मध्यें कंपनीनें त्याला जाहीरपणें थांबविलें. कोणत्या कार्डाला कोणती सोय द्यावयाची हा आमच्या व्यापाराचा निर्णय आहे, असा तिचा आशय होता. गिऱ्हाइकें इतकीं खवळलीं कीं थोड्याच दिवसांत कंपनीला नमतें घ्यावें लागलें. ड्रायव्हर न मिळण्याचें कारण दर वेळीं तांत्रिकच असतें असें नाहीं, ही गोष्ट तेव्हां अनेकांना प्रथमच कळली. जुनें कार्ड चालत राहिलें तर नवें कोण घेणार?

लिनक्स ह्या प्रणालीची रीत निराळी आहे. तेथें बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्याबरोबरच एका ठिकाणीं ठेवलेले असतात, आणि जो आंतला नियम बदलील त्यानेंच त्या बदलानें मोडणारे तेथील सारे ड्रायव्हर सुधारावे, असा दंडक आहे. त्यामुळें कित्येक जुनीं यंत्रें तेथें अजून चालतात. पण कंपनीनें आपल्या यंत्राची बोली गुप्तच ठेवली, तर तेथेंहि इलाज चालत नाहीं.

आपल्याकडे मराठी अक्षर संगणकावर उमटविण्यासाठीं एके काळीं जिस्ट नांवाचें कार्ड बसवीत, कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें जन्मलेलें हें तंत्र पुण्याच्या सी-डॅकनें पुढें वाढविलें. तें डॉसच्या काळचें. विंडोज आली आणि तेंच काम कार्डावांचून, निव्वळ आज्ञावलीनें होऊं लागलें. कार्डें अडगळींत गेलीं. तेथें करणारानेंच पुढची वाट दाखविली, म्हणून ओरड झाली नाहीं. ठसा घेणाऱ्या डबीचेंहि तसेंच. आधारच्या कामासाठीं तिच्याबरोबर लागणारी आर. डी. सर्व्हिस पुरविणें हें डबी करणाऱ्या कंपनीचें काम आहे. त्या सेवेचें मुदतीचें शुल्कहि भरावें लागतें. शुल्क घेणारास जबाबदारी झटकतां येत नाहीं.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. घरगुती वापरासाठीं वाढवून दिलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे, म्हणून ज्या यंत्राचा ड्रायव्हर ३२ बिटांचाच निघाला, तें तिच्यावर मुकें होतें. आतां ‘तुम्हींच प्रणाली बदलली’ हें उत्तर अपुरें ठरतें, कारण न बदलावें तर संगणक असुरक्षित राहतो. ज्यानें बदल भाग पाडला त्यानें निदान आगाऊ सूचना आणि तपासणीचें साधन द्यावें. यंत्र अजून दुकानांत विकलें जात असेल, तर नवा ड्रायव्हर करणारानें द्यावा. दहा वर्षांपूर्वीं बंद झालेल्या स्कॅनरसाठीं मात्र तोच हट्ट धरणें रास्त नव्हे.

डब्यावर नव्या प्रणालीचें नांव छापलेलें असूनहि यंत्र चालत नसेल, तर तो सरळ वचनभंग होय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं त्याची तक्रार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत करतां येते. तत्पूर्वीं १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवावें. पावती आणि डबा जपून ठेवणारा येथें जिंकतो.

त्या केंद्रांतील स्कॅनरपुरतें बोलावयाचें तर उपाय अजून हातचा आहे. विंडोज ११ बसविल्यापासून दहा दिवसांच्या आंत जुन्या प्रणालीकडे परत जाण्याची सोय सेटिंग्जमध्यें ठेवलेली असते, मात्र मधल्या काळांत जुन्या फायली पुसून टाकलेल्या नसाव्या. मागें फिरावें, शेतकऱ्यांचे अर्ज आधीं भरून घ्यावे, आणि मग निवांतपणें स्कॅनरच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक टिपून कंपनीच्या संकेतस्थळावर नव्या प्रणालीचा ड्रायव्हर आहे कीं नाहीं तें पाहावें.