कागदावरचे अकरा गडी

क्रीडांगणावर कधींहि न उतरलेला, एका जागीं एकदांहि न जमलेला, आणि तरीहि साऱ्या देशानें ज्याचा गौरव केला असा संघ वाचकांनीं कधीं ऐकला आहे काय? अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून असे संघ दरवर्षीं निर्माण होत आले. हिवाळ्याच्या तोंडीं महाविद्यालयीन फुटबॉलचे सामने आटोपले म्हणजे कोणी जाणता पुरुष लेखणी घेऊन बसे, त्या वर्षीं पाहिलेल्या व ऐकलेल्या खेळाडूंतून प्रत्येक जागेसाठीं एकेक उत्तम गडी निवडी, आणि अकरा नांवांची ती यादी साप्ताहिकांतून प्रसिद्ध करी. त्या यादींत ज्याचें नांव आलें त्याच्या गांवास धन्यता वाटे. ज्याचें आलें नाहीं त्याच्या गांवांत वर्षभर कुरकुर चाले. अकरा नांवांच्या या यादीनें एका विस्तीर्ण देशाच्या प्रांताप्रांतांत केवढी चुरस उत्पन्न केली, आणि निवडणाऱ्याची नजर जेथपर्यंत पोंचत नव्हती तेथील लोकांनीं त्यावर काय उपाय योजला, हें सांगण्याचा आमचा विचार आहे.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट असतो. तो हातांत घेऊन धांवावयाचें, आणि प्रतिपक्षानें धांवणाऱ्यास धरून खालीं पाडावयाचें, असा हा दांडगा खेळ आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी संस्थानांत रटगर्स व प्रिन्स्टन या महाविद्यालयांमध्यें जो सामना झाला, त्यास या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानतात. परंतु त्या दिवशीं प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते आणि चेंडू हातांत घेऊन धांवण्याची मुभा नव्हती. खेळास आजचें वळण लागलें तें पुढें, येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या खटपटीनें. अकरा गड्यांची मर्यादा आणि एका पक्षाच्या ताब्यांत चेंडू देऊन दोन्ही पक्षांस समोरासमोर उभे करण्याची पद्धति १८८० सालीं मान्य झाली. तीन प्रयत्नांत पांच यार्ड पुढें न सरकल्यास चेंडू गमवावा, हा नियम १८८२ सालीं आला. यामुळें प्रत्येक जागेचें काम ठरून गेलें. मधोमध उभा राहून चेंडू मागें देणारा, त्याच्या दोहों बाजूंस भिंतीसारखे रोवलेले, टोकांवरचे चपळ, आणि मागें राहून चेंडू घेऊन धांवणारे, असे गड्यांचे वर्ग पडले. कामें वांटलीं गेलीं म्हणूनच प्रत्येक कामांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न विचारतां येऊं लागला.

या प्रश्नाचें पहिलें उत्तर १८८९ सालीं कॅस्पर व्हिटनी यांच्या साप्ताहिकांत छापलें गेलें. मूळ कल्पना व्हिटनींची कीं कॅम्प यांची, याविषयीं पुढें वाद झाला. परंतु लोकांनीं ती यादी कॅम्प यांच्याच नांवावर जमा केली. तिला नांव मिळालें ‘ऑल-अमेरिका’, म्हणजे अखिल अमेरिकेचा संघ. आतां या अखिल अमेरिकेचा विस्तार किती होता तो पाहा. अकरांपैकीं पांच गडी प्रिन्स्टनचे, तीन येलचे व तीन हार्वर्डचे! तिन्ही विद्यापीठें ईशान्येकडील किनाऱ्याच्या एका चिंचोळ्या पट्ट्यांत वसलेलीं. अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत पसरलेल्या देशाचें नांव घ्यावयाचें आणि गडी मात्र तीन घरचे, असा हा प्रकार होता.

यांत कॅम्प यांचा कांहीं दुष्ट हेतु होता असें आम्हांस वाटत नाहीं. खेळावर त्यांचा उदरनिर्वाह चालत नसे. न्यू हेवन शहरांतील एका घड्याळांच्या कारखान्यांत ते नोकरीस होते. दिवसा त्यांना मैदानावर जाण्यास सवड सांपडत नसे. म्हणून त्यांच्या पत्नी अॅलिस या येलच्या सरावास जात, कोण कसा खेळला याचें टिपण करीत, आणि रात्रीं घरीं पतिपत्नी त्या टिपणांवर विचार करीत. १८८८ सालीं, म्हणजे त्यांचा विवाह झाला त्याच वर्षीं, येलच्या संघानें तेरा सामन्यांत ६९८ गुण मिळविले आणि प्रतिपक्षास एकहि मिळूं दिला नाहीं. चांगल्या पाहणाऱ्याचें महत्त्व किती, हें यावरून दिसून येईल. येलच्या मैदानावर कॅम्प यांस अॅलिसबाईंचे डोळे लाभले होते. दूरच्या मैदानांवर असे विश्वासाचे डोळे कोठून आणावयाचे? त्या काळीं चलच्चित्रांची सोय नव्हती, प्रवास आगगाडीचा, आणि बहुतेक सामने शनिवारींच होत. एका मनुष्यास एका दिवशीं एकच सामना पाहतां येणार. बाकी सारें वर्तमानपत्रांवर व स्नेह्यांच्या पत्रांवर अवलंबून.

याचा पहिला चटका पश्चिमेस बसला. पश्चिम म्हणजे त्या वेळच्या बोलण्यांत शिकागो, मिशिगन वगैरे मोठ्या सरोवरांच्या काठचा मुलूख. शिकागोच्या क्लॅरेन्स हर्शबर्गर यास १८९८ सालीं कॅम्प यांनीं पहिल्या अकरांत घेतलें, तेव्हां पश्चिमेच्या वांट्यास हा मान प्रथमच आला. परंतु तीनच वर्षांनीं, १९०१ सालीं, जें घडलें तें पश्चिमेकडील लोक सहजासहजीं विसरले नाहींत. फील्डिंग योस्ट यांच्या हाताखालीं मिशिगनच्या संघानें हंगामांतील दहा सामन्यांत ५०१ गुण केले व प्रतिपक्षांस शून्यावर ठेविलें. पुढें १ जानेवारी १९०२ रोजीं कॅलिफोर्नियांत पॅसाडीना येथें स्टॅनफर्डचाहि ४९ विरुद्ध शून्य असा पाडाव केला. आणि १९०१ च्या कॅम्प यांच्या पहिल्या अकरांत मिशिगनचे गडी किती? एकहि नाहीं! अकराचे अकरा पूर्वेकडील. ज्यांच्यापुढें वर्षभर कोणास एक गुण मिळवितां आला नाहीं, त्यांत देशांतील पहिल्या अकरांत बसण्याजोगा कोणीच नव्हता, हें मानण्यास कोण तयार होईल?

दक्षिणेची स्थिति याहून कठीण होती. टेनेसींतील डोंगरावर सेवानी येथें एक लहानसें विद्यापीठ आहे. तेथील संघानें नोव्हेंबर १८९९ मध्यें सुमारें अडीच हजार मैलांचा आगगाडीचा प्रवास करीत सहा दिवसांत पांच सामने खेळले, पांचहि जिंकले, आणि एकाहि सामन्यांत प्रतिपक्षास गुण मिळूं दिला नाहीं. रविवार तेवढा विश्रांतीचा. तरीहि त्या वर्षींच्या कॅम्प यांच्या पहिल्या अकरांत सेवानीचें नांव शोधून सांपडत नाहीं.

अशा वेळीं रुसून बसण्यापेक्षां प्रांतांनीं शहाणपणाचा मार्ग पत्करला. त्यांनीं आपल्या याद्या आपणच केल्या. पश्चिमेची ‘ऑल-वेस्टर्न’, दक्षिणेची ‘ऑल-सदर्न’, आणि पुढें पॅसिफिक किनाऱ्याची, मिसूरी खोऱ्याची, नैर्ऋत्येची, अशा याद्या ठिकठिकाणच्या वर्तमानपत्रांतून निघूं लागल्या. निवडणारे बहुधा दोन प्रकारचे: संघांचे शिक्षक आणि वर्तमानपत्रांचे क्रीडालेखक. शिकागोचा वॉल्टर एकरसॉल हा स्वतः नामांकित खेळाडू होता व कॅम्प यांच्या यादींत येऊन गेला होता. पुढें तो ‘शिकागो ट्रिब्यून’ पत्रांत लिहूं लागला, सामन्यांत पंचाचें काम करूं लागला, आणि पश्चिमेचा संघहि निवडूं लागला. दक्षिणेंत जॉन हाइझमन हे जॉर्जिया टेक येथें शिक्षक असतांच साऱ्या दक्षिणेचा संघ निवडून प्रसिद्ध करीत.

वाचक म्हणतील, कीं हा तर आंधळ्यानें आपल्याच घरीं साखर वांटण्याचा प्रकार झाला. तो दोष या याद्यांत होताच. स्वतःच्या शिष्यास वगळणें कोणत्या गुरूस सोपें जातें? एकाच वर्षीं चार वर्तमानपत्रांच्या चार याद्या जुळत नसत, आणि त्यावरून वाचकांचे तंटे होत. परंतु त्या तंट्यांतूनच एक इष्ट गोष्ट निष्पन्न झाली. अनेक याद्या शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे जें नांव सर्वांत सांपडे, तें खरोखरीच मोठें असलें पाहिजे, हें उघड होई. जॉर्जिया विद्यापीठाचा बॉब मॅकव्होर्टर १९१० पासून १९१३ पर्यंत ओळीनें चार वर्षें दक्षिणेच्या संघांत निवडला गेला. कॅम्प यांच्या पहिल्या अकरांत तो कधींच आला नाहीं; तरी त्याची योग्यता आज आपणांस कळते ती त्या प्रांतिक याद्यांमुळें. पुढें तो कायद्याचा अध्यापक व अथेन्स शहराचा नगराध्यक्ष झाला.

१९१७ सालीं हाइझमन यांच्या जॉर्जिया टेक संघानें नऊ सामन्यांत ४९१ गुण केले व अवघे १७ दिले. परंतु दैव असें, कीं तें वर्ष महायुद्धाचें होतें, आणि कॅम्प यांनीं त्या वर्षीं महाविद्यालयीन संघ न निवडतां लष्करी शिक्षणाच्या छावण्यांतील खेळाडूंचा संघ निवडला. दक्षिणेचा मान आणखी एक वर्ष लांबला. अखेर १९१८ सालीं जॉर्जिया टेकचा ‘बम’ डे हा दक्षिणेचा पहिला गडी म्हणून कॅम्प यांच्या पहिल्या अकरांत बसला.

त्याच अकरांत दुसरें एक नांव होतें, तें रटगर्सच्या पॉल रोबसन याचें. हाच पुढें जगप्रसिद्ध गायक व नट झाला. रोबसन कृष्णवर्णीय होता. १९१६ सालीं दक्षिणेकडील एका महाविद्यालयाच्या संघानें त्याच्याविरुद्ध खेळण्याचें नाकारलें होतें, आणि त्याच्या स्वतःच्या संघानें त्या सामन्यापुरतें त्यास बाहेर बसविलें होतें. डे ज्या महाविद्यालयांत शिकत होता तेथें कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रवेश मिळण्यास १९६१ साल उजाडावें लागलें. म्हणजे जे दोन तरुण दक्षिणेच्या कोणत्याहि मैदानावर खांद्यास खांदा लावून उभे राहूं शकले नसते, ते कॅम्प यांच्या कागदावर एका ओळींत उभे राहिले. कॅम्प यांची नजर आंखूड होती हें वर आम्हीं सांगितलेंच आहे. परंतु जेथवर ती पोंचे तेथवर ती वर्ण पाहत नसे, हेंहि सांगितलें पाहिजे. गुलामगिरींतून मुक्त झालेल्या मातापित्यांचा पुत्र विल्यम हेन्री लुईस, हार्वर्डकडून खेळत असतां, १८९२ व १८९३ सालींच या यादींत आला होता. आणि कार्लाइल येथील आदिवासी शाळेचा जिम थॉर्प १९११ व १९१२ सालीं आला.

याच्या उलट ‘साऱ्या दक्षिणेचा’ म्हणविणाऱ्या याद्यांत कृष्णवर्णीय खेळाडूस जागा नव्हती. त्यांचीं महाविद्यालयें निराळीं होतीं आणि त्यांच्यांतील पहिला सामना २७ डिसेंबर १८९२ रोजीं नॉर्थ कॅरोलायनांत सॉल्सबरी येथें झाला होता. परंतु दक्षिणेच्या निवडणाऱ्यांना, ते आपल्याच गांवांत खेळत असतांहि, दिसत नव्हते. पूर्वेनें आपणांस पाहिलें नाहीं म्हणून जी दक्षिण तक्रार करी, तिनें आपल्या दाराशीं खेळणाऱ्यांस पाहिलें नाहीं. मग त्यांनींहि तोच मार्ग धरिला: ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या पत्रानें १९२० नंतरच्या दशकांत त्यांच्या महाविद्यालयांचा अखिल अमेरिकन संघ निवडण्यास आरंभ केला.

मार्च १९२५ मध्यें खेळाच्या नियम-समितीच्या बैठकीसाठीं न्यूयॉर्क येथें गेले असतां कॅम्प निवर्तले. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं २६ डिसेंबर रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें पूर्वेचे निवडक गडी आणि पश्चिमेचे निवडक गडी प्रत्यक्ष मैदानावर एकमेकांसमोर उभे ठाकले. अपंग मुलांच्या रुग्णालयांस साहाय्य व्हावें म्हणून तो सामना योजिला होता. पश्चिमेनें तो ६ विरुद्ध शून्य असा जिंकला. कागदावरचे गडी कागदावरून उतरले, आणि त्यांच्या श्रमाचा पैसा मुलांच्या औषधपाण्यास लागला, याहून अधिक चांगला शेवट आम्हांस सुचत नाहीं.

परंतु कथा तेथें संपत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर रोबसनच्या राजकीय मतांमुळें अमेरिकन सरकारचा त्याजवर रोष झाला, आणि १९५० सालीं त्याचें पारपत्रहि रद्द झालें. त्या सुमारास छापल्या गेलेल्या फुटबॉलच्या एका मोठ्या ग्रंथांत १९१८ चा अखिल अमेरिकन संघ दिला आहे. त्यांत नांवें आहेत दहा. अकरावी जागा रिकामी! रोबसन १९७६ सालीं वारला, आणि महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यास प्रवेश मिळाला तो १९९५ सालीं.

न दिसल्यामुळें एखादें नांव राहून जाणें वेगळें, आणि दिसत असलेलें खोडणें वेगळें. पहिल्या चुकीस उपाय आहे. पाहणारे वाढवावे, दूरच्यांनीं आपल्या याद्या कराव्या, आणि सर्वांनीं त्या ताडून पाहाव्या; अमेरिकेच्या प्रांतांनीं तेंच केलें. दुसऱ्या चुकीस मात्र काळावांचून औषध नाहीं, आणि काळ फार सावकाश चालतो. आपणांपैकीं प्रत्येकास केव्हां ना केव्हां निवड करण्याचा प्रसंग येतोच; कोणास वर्गांत, कोणास कचेरींत, कोणास घरांतील मुलांमध्यें. त्या वेळीं यादी पुरी झाली असें वाटलें, तरी लेखणी खालीं ठेवण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि आपण ज्या मैदानावर गेलोंच नाहीं तेथें कोण खेळत होतें, याची एकदां चौकशी करावी.