तिसऱ्या मजल्यावरचं शेत

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बारा फुटांचं एक शेत आहे. सातबारा नाही, बांधावरून भांडण नाही. चपला बाहेर काढून, हात धुऊन आत जायचं. लोखंडी रॅकचे पाच कप्पे, प्रत्येकाला एलईडीच्या नळ्या, खाली काळे ट्रे. एसी चालू. ओल्या कोकोपीटचा आणि मुळ्याचा वास आधी नाकात शिरतो.

शेतकरी तिशीतला. मुळा, मोहरी, सूर्यफूल, वाटाणा लावतो. बियाणं इतकं दाट पेरतो की कोकोपीट दिसत नाही. वर रिकामा ट्रे, त्यावर वीट. अंधारात, वजनाखाली मुळं खाली घट्ट धरतात आणि तीन-चार दिवसांत सूर्यफुलाचे कोंब ती वीट चक्क उचलून धरतात. मग उजेड. मुळा आठवड्याभरात कापायला येतो, कोथिंबीर तीन आठवडे रेंगाळते. अळीव भिजवायचा नाही, त्याचा गिळगिळीत गोळा होतो. आणि पेरणीचं औषध लावलेलं गुलाबी बियाणं इथे वर्ज्य.

एका ट्रेत पांढरी लव बघून मी नाक मुरडलं. "बुरशी नाही काकू, मुळांची लव आहे," म्हणत त्याने फवारा मारला. लव क्षणात बसली. बुरशी अशी बसत नाही, ती जाळं धरते.

हे कोंब म्हणजे मोड नव्हेत. मटकीचे मोड आपण दाण्या-मुळासकट खातो; इथे दोन कोवळी पानं उमलली की देठ वरून कापतात. फरक महत्त्वाचा आहे. २०११ साली जर्मनीत ई. कोलायच्या साथीत ५० हून अधिक माणसं दगावली आणि तपास मेथीच्या मोडांपर्यंत पोचला. मोडांना लागणारी दमट, उबदार, कोंदट जागा जंतूंनाही मानवते. म्हणून तर इथे पंखा अखंड फिरतो.

कापलेल्या कोंबांच्या डबीवर 'चाळीस पट पोषण' असं छापलेलं असतं, त्यावर मी हसते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आणि मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा कोंबांचे २५ प्रकार तपासले. लाल कोबीच्या कोंबांत १०० ग्रॅममागे १४७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व भरलं, हे खरं. पण १०० ग्रॅम खातो कोण? माझी डबी ५० ग्रॅमची, पैसे मेथीच्या चार जुड्यांचे, आणि ती दोघांत तीन दिवस पुरते.

मुंबईकराला तर अशा कोवळ्या पानांचं नवल वाटूच नये. समुद्राकाठच्या रेताड जमिनीत दाट पेरून, इवल्या पानांवर असतानाच उपटलेली समुद्रमेथी तो कधीपासून खातोय. बोटाएवढ्या जुड्या, पांढरे देठ, आणि चार पाण्यांतून काढली तरी दाताखाली येणारी वाळू.

पहिल्या डबीचा मी सत्यानाश केला. फोडणीत टाकली, मिनिटात कढईत चमचाभर हिरवं पाणी उरलं. आता गॅस बंद केल्यावर पिठल्यावर मोहरीचे कोंब पसरते. नाकात झणका येतो, वेगळा कांदा फोडावा लागत नाही. मुळ्याचे थालीपिठावर, लोण्याच्या गोळ्याशेजारी. वाटाण्याचे नुसतेच, उभ्याउभ्या. न धुता, कोरडे, फ्रिजमध्ये ठेवायचे, खाताना धुवायचे. मी आधी धुऊन ठेवले होते, दुसऱ्या दिवशी लगदा.

शेतकरी गुरुवारी पहाटे कोंब कापतो आणि सात वाजता डबी दारात असते. परवा विचारलं, मेथी लावशील का?

"लावतो की. पण काकू, वाळू नसेल हं त्यात."

"बघू," म्हटलं, "चव लागते का तिच्याशिवाय."