हमी विकत मिळते, इतिहास मिळत नाही

गेल्या हिवाळ्यात बेंगळुरूहून माझ्या भाच्याचा दूरध्वनी आला. दिल्लीतील एका विक्रेत्याकडे जर्मन बनावटीची, दोन दारांची, नऊ वर्षे जुनी स्पोर्ट्स कार विक्रीस होती. किंमत ३८ लाख रुपये, मीटरवर ३१ हजार किलोमीटर. "मामा, तुम्ही एकदा गाडी बघून या. आणि ते एक लाख चाळीस हजारांची एक्स्टेंडेड वॉरंटीही घ्या म्हणताहेत. ती घ्यावी की नाही, तेवढं सांगा." मोटारीच्या यंत्रातले मला फारसे कळत नाही, परंतु उमेदीची सारी वर्षे फायली वाचण्यात गेल्यामुळे कागद वाचता येतात. म्हणून मी गाडीआधी कागद मागितले.

वॉरंटीचा करार बारा पानांचा होता. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीची हमी दिली होती. उरलेली अकरा पाने ती हमी केव्हा लागू नाही, हे सांगण्यात खर्ची पडली होती. त्यांतील तीन कलमे मी भाच्याला वाचून दाखवली. विक्रीपूर्वीपासून असलेल्या दोषाची भरपाई मिळणार नाही. वर्षभरातील एकूण भरपाई तीन लाख रुपयांपेक्षा अधिक असणार नाही. आणि मीटरमध्ये फेरफार झाल्याचे आढळल्यास करार आपोआप रद्द होईल, मग तो फेरफार कोणीही केलेला असो. याचा अर्थ असा, की आधीच्या मालकाने किंवा दलालाने मीटर मागे फिरवले असेल, तर फसवणूक झालेला ग्राहक वॉरंटीलाही मुकणार. जुनी गाडी घेताना ज्या गोष्टीची धास्ती असते, नेमकी तीच गोष्ट हमीतून वगळलेली होती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रश्नात नवे काही दिसत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खरेदी-विक्री रद्द करण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापाऱ्यांमधील व्यवहार फिरवण्यास तेथे एका रात्रीची मुदत आहे, तर चतुष्पाद जनावर परत करण्यास तीन पक्षांची. याज्ञवल्क्यस्मृतीने ओझे वाहणाऱ्या जनावराच्या परीक्षणासाठी पाच दिवस दिले आहेत. बैलाचा दोष बाजारात दिसत नाही, नांगराला जुंपल्यावर दिसतो, एवढे त्या धर्मशास्त्रकारांना उमगले होते. म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाला वेळ दिला आणि जोखमीचा काही भाग विकणाऱ्यावर ठेवला.

आपला आजचा कायदा मात्र ब्रिटिशांच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला, १९३० चा मालविक्री अधिनियम आहे. 'ग्राहकाने सावध असावे' हे त्याचे मूळ सूत्र. त्याला कलम १६ मध्ये अपवाद आहेत: विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून विशिष्ट कामासाठी वस्तू घेतली असेल, तर ती त्या कामास योग्य असलीच पाहिजे. परंतु कलम ६२ नुसार असे गर्भित हक्क उभय पक्षांच्या कराराने बाजूला ठेवता येतात आणि 'गाडी आहे त्या स्थितीत स्वीकारली' या एका ओळीवर ग्राहकाची सही घेऊन बहुतेक विक्रेते तेच करतात. शिवाय हा कायदा 'अट' आणि 'हमी' यांत भेद करतो. अट मोडली तर वस्तू परत करता येते. हमी मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. 'वॉरंटी' या शब्दाला बाजारात जे वजन आहे, ते कायद्यात नाही.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक निबंध लिहिला. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्या निबंधाचा मोठा वाटा होता आणि त्याचा विषय जुन्या मोटारींचा बाजार हाच होता. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकण्यास राजी होत नाही आणि बाजारात हळूहळू खराब माल उरतो. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही दरी अधिक खोल असते. या शतकाच्या आरंभीच्या काही पोर्शे मोटारींत इंजिनाच्या आत दडलेले एक बेअरिंग निकामी होऊन सबंध इंजिन वाया जात असे. वरून पाहणाऱ्याला त्याचा सुगावा लागणे अशक्य होते. त्यातच अशा गाड्या कधी महिनोन्महिने उभ्या असतात, तर कधी रेसट्रॅकवर पिटाळल्या जातात आणि मीटरचा आकडा यांतले काहीच सांगत नाही.

मी विक्रेत्याकडे दोन कागद मागितले: मागील तीन वर्षांच्या विमा पॉलिसी आणि अधिकृत वर्कशॉपमधील सर्व्हिसची नोंद. पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' छापलेला असतो. सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्यास तो पन्नास टक्क्यांपर्यंत मिळतो. दावा केला, की पुढल्या नूतनीकरणात शून्यावर येतो. या गाडीच्या दोन वर्षांपूर्वीच्या पॉलिसीवर तो शून्य होता. गाडीला काय झाले होते, याचे उत्तर विक्रेत्यापाशी नव्हते. सर्व्हिसची नोंद तर आलीच नाही. गाडीच्या मूळ शहरातील वर्कशॉपमध्ये भाच्याने स्वतः विचारणा केली, तेव्हा तीन वर्षांपूर्वीचा आकडा निघाला ५८ हजार किलोमीटर. व्यवहार तेथेच थांबला.

तरीही भाच्याचा मूळ प्रश्न रास्त होता: गाडी निर्दोष असती, तर वॉरंटी घ्यायची होती का? याचे गणित सोपे आहे. गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च त्याला सात लाख सांगितला गेला होता. एक लाख चाळीस हजारांची वॉरंटी तो पूर्ण खर्च देणार असेल, तर बिघाडाची शक्यता पाचांत एक किंवा त्याहून अधिक असल्यासच ती पैशांच्या हिशेबात परवडते. पण भरपाईची मर्यादा तीन लाख असेल, तर ती शक्यता जवळजवळ दोहोंत एक असावी लागते. इतकी बिघडण्याजोगी गाडी मुळात घ्यावीच कशाला? अर्थात विमा केवळ सरासरीच्या हिशेबाने घेतला जात नाही. जो फटका आपल्याला झेपणारच नाही, त्यासाठी सरासरीहून अधिक मोजणे शहाणपणाचे असते. जो झेपेल, त्यासाठी तेवढी रक्कम बँकेत बाजूला ठेवावी. स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

दुसरा प्रश्न, वचन कोणाचे? कार उत्पादकाची वॉरंटी, विमा कंपनीची पॉलिसी आणि विक्रेत्याने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेली हमी या तीन भिन्न गोष्टी आहेत. विमा कंपनीच्या आर्थिक कुवतीवर विमा नियामकाची नजर असते. विक्रेत्याच्या हमीवर तशी कोणाचीच नसते. दुकान बंद झाले, की हमीही संपली. उत्पादकाची वॉरंटी सर्वांत भरवशाची, पण तिची किंमत ग्राहक आणखी एका मार्गाने मोजतो: गाडी अधिकृत वर्कशॉपबाहेर नेता येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच प्रवृत्तीबद्दल. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग न देणे आणि तेथे दुरुस्ती केल्यास वॉरंटी नाकारणे हे स्पर्धेला मारक असल्याचे आयोगाने म्हटले. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलांत वाद झाला. मूळ प्रश्न मात्र ग्राहकासमोर तसाच उभा आहे.

या बाजारात राज्यसंस्था अनुपस्थित आहे, असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत व्यापाऱ्याच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के कर ठरला. म्हणजे मालक कोण आणि कर किती, याची नोंद होते. गाडी किती धावली आणि कितीदा ठोकली गेली, याची ग्राहकाला दिसेल अशी नोंद मिळत नाही. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरच्या नोंदींचे प्रमाणपत्र द्यावेच लागते. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतील मीटरचे आकडे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. शिवाय २०१५ च्या कायद्याने तेथे व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष वस्तू, जुनी मोटारही, ३० दिवसांत परत करता येते. ज्या देशाचा १८९३ चा कायदा आपण उचलला, तो देश पुढे गेला. आपण तेथेच थांबलो.

स्पोर्ट्स कार घेणाऱ्या श्रीमंतांची चिंता सरकारने का वाहावी, असा आक्षेप येईल. पण तोच बाजार टॅक्सीचालकाला सात आसनी गाडी विकतो आणि शिक्षकाला पहिली छोटी मोटार. फसवणुकीची रीत एकच. टॅक्सीचालकाजवळ मात्र कागद वाचायला मामाही नसतो आणि तोटा सोसायला बचतही नसते. उपाय फार खर्चिक नाहीत. प्रदूषण चाचणी, अधिकृत सर्व्हिस आणि विम्याचे नूतनीकरण या तिन्ही वेळी मीटरचा आकडा 'वाहन' या राष्ट्रीय नोंदवहीत जावा आणि मालकाचे नाव उघड न करता गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही पाहता यावा. मोठ्या अपघाताच्या दाव्यांचीही तशीच नोंद असावी. वॉरंटी विकणाऱ्याने हमी कोणाची, मर्यादा किती आणि काय वगळले, हे एकाच पानावर, ग्राहकाला समजेल त्या भाषेत द्यावे. आणि अधिकारपत्रधारक विक्रेत्याला निदान पहिले ३० दिवस 'आहे त्या स्थितीत' या ओळीआड लपता येऊ नये.

दोन महिन्यांनी भाच्याने बेंगळुरूतच दुसरी गाडी घेतली. एका वर्षाने जुनी, बंपरवर ओरखडे असलेली, मीटरवर ६६ हजार. पण पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या मालकाने जपून ठेवलेल्या. उत्पादकाची एक वर्षाची वॉरंटीही त्याने घेतली. ती देण्यापूर्वी कंपनीच्या वर्कशॉपने गाडी दिवसभर तपासली, कारण बिघाड झाल्यास पैसे त्यांच्याच खिशातून जाणार होते. वॉरंटीच्या किमतीत त्याला खरे मोलाचे मिळाले ते हेच. पुढे मालकी हस्तांतराचे २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म भरताना त्याने मला फोन केला. चॅसीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, दोन्ही मालकांचे पत्ते, सारे त्यात विचारलेले होते. "मामा, किलोमीटर किती झाले, ते लिहायला यात रकानाच नाही," तो म्हणाला.