पांढऱ्या कोळशाचे शहर

भूगोलाच्या पुस्तकात जलविद्युतेला ‘पांढरा कोळसा’ म्हटलेले तुम्ही वाचले असेल. हे नाव गाजवले ते फ्रान्सच्या ग्रनोबल शहराजवळील लांसे गावी. तेथे १८६९ साली आरिस्तीद बेर्झेस या इंजिनियरने डोंगरावरचे पाणी २०० मीटर उंचीवरून लोखंडी नळातून खाली आणले, आणि त्या जोरावर चक्र फिरवून कागदासाठी लाकूड दळले! वीज मागाहून आली. विजेमागून कारखाने व प्रयोगशाळा आल्या. चुंबकत्वावरील संशोधनासाठी १९७० साली नोबेल पारितोषिक मिळवणारे लुई नेएल येथलेच प्राध्यापक. द्राक व इझेर नद्यांच्या संगमाशी आज ८४४ मीटर परिघाचे क्ष-किरणांचे प्रचंड कडे आहे.

पण ज्या डोंगरांनी वीज दिली तेच हिवाळ्यात छळतात. शहर परातीच्या तळासारखे सपाट, आणि तीन बाजूंना शार्त्रझ, वेर्कोर व बेलदोन हे पर्वत. रात्री उतारावरची थंड, जड हवा तळाशी उतरून साचते; वर उबदार हवेचे झाकण बसते. ही तापमानाची विपरीतता. मग लाकडाच्या शेगड्यांचा आणि मोटारींचा धूर जाणार कोठे?

धुराला गावाची शीव कळत नाही. येथे तर ४९ गावे, प्रत्येकाचा महापौर वेगळा! म्हणून २०१५ पासून ती एका ‘मेत्रोपोल’मध्ये बांधली गेली. महापौर राहिले, पण पाणी, कचरा, रस्ते यांचा कारभार सामाईक मंडळाकडे गेला. जुनी शेगडी टाकून नवी, कमी धुराची घेणाऱ्याला हेच मंडळ अनुदान देते.