पावनखिंड : तीनशे बांदलांनी मिळवून दिलेला वेळ

पूर्णेत डोंगर नाही. जंक्शनवर उभं राहिलं की एक रूळ नांदेडकडे, दुसरा परभणीकडे, तिसरा वसमत-हिंगोलीवरून अकोल्याकडे जाताना दिसतो आणि भोवती काळं रान नजर पोचेल तिथवर सपाट पसरलेलं असतं. आपल्याच तालुक्यात पूर्णा नदी गोदावरीला मिळते, तीही संथपणे. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला खिंड कधी दिसत नाही. पण घरात सगळे आजारी असताना एखादी लेक सगळं सांभाळते, तेव्हा आपणही म्हणतो, "पोरीनं एकटीनं खिंड लढवली." हा शब्दप्रयोग ज्या जागेमुळे आपल्या मनात रुजला, ती कोल्हापूर जिल्ह्यातली पावनखिंड प्रत्येक मराठी माणसानं एकदा तरी पाहावी.

पूर्णेहून परळी, लातूर, पंढरपूर, मिरज असा रुळांचा रस्ता कोल्हापूरला पोचतो. तिथून मलकापूरमार्गे विशाळगडाची वाट धरायची. शाहूवाडी तालुक्यात पांढरेपाणी गावाच्या जवळ रस्त्यालगत स्मारक दिसतं आणि तिथून पायऱ्या उतरत खिंडीत जातात. दोन्ही बाजूंना उभा कातळ, मधून पाण्याचा ओहोळ, वर दाट झाडी. हा कासारी नदीच्या उगमाचा परिसर आहे. इथलं पाणी पुढे पंचगंगेत आणि पंचगंगेतून कृष्णेत जातं. पावसाळ्यात ओहोळ फुगतो, शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही, आणि शेजारचा माणूस बोलतो ते पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही. आषाढातल्या त्या लढाईचा विचार करताना हा निसरडा दगड आधी ध्यानात घ्यावा लागतो.

त्या वेळी या खिंडीचं नाव घोडखिंड होतं. गजापूरची खिंड असाही तिचा उल्लेख येतो. 1660च्या मार्चपासून सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला होता. आदिलशहानं त्याला सलाबतखान हा किताब देऊन पाठवलं होतं. अफजलखानाचा मुलगा फाजलखान बापाच्या वधाचा सूड घ्यायला त्याच्यासोबत होता. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आले होते. बाहेरून वेढा फोडण्याचा नेताजी पालकरांचा प्रयत्न फसला. तिकडे पुण्यात मोगलांचा शाहिस्तेखान येऊन बसला होता आणि चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळा लढवत होता. स्वराज्यावर दोन बाजूंनी घाला आला असताना शिवाजी महाराज पन्हाळ्यावर अडकून पडले होते. त्यांनी बाहेर पडणं ही स्वराज्याच्या जीवनमरणाची गोष्ट झाली होती.

12 जुलै 1660 ही आषाढी पौर्णिमेची रात्र. भर पावसात महाराज निवडक सहाशे मावळ्यांसह गडाबाहेर पडले. दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेश करून शिवा काशीद बसला होता. हा नेबापूरचा न्हावी. पालखी पकडली गेली, सोंग उघडं पडलं आणि शिवाला प्राण द्यावे लागले. पण जेवढा वेळ त्यानं मिळवला, तेवढ्यात महाराजांची पालखी मसाई पठार ओलांडून पुढे गेली होती. जौहरकडचा सिद्दी मसूद घोडदळ घेऊन पाठीवर निघाला.

पन्हाळा ते विशाळगड हे अंतर साठएक किलोमीटरचं. रात्रभर चिखलातून, रानातून पालखी खांद्यावर घेऊन धावलेली माणसं दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत पोचली, तेव्हा शत्रू मागे येऊन ठेपला होता. विशाळगड अजून दहा-बारा किलोमीटर दूर, आणि त्याच्याही पायथ्याशी शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी यांचा वेढा होता. म्हणजे पुढेही लढाई आणि मागेही. तेव्हा बाजीप्रभू देशपांडे यांनी महाराजांना निम्मे लोक घेऊन पुढे जायला लावलं आणि उरलेल्या तीनशेंसह ते स्वतः खिंडीत उभे राहिले. गडावर पोचल्याची इशारत तोफेच्या आवाजानं द्यायची, असं ठरलं.

बाजीप्रभू हिरडस मावळातल्या बांदल देशमुखांकडचे. खिंडीत उभे राहिलेले तीनशे मुख्यतः बांदलांचेच मावळे. अरुंद वाटेत एका वेळी मोजकेच लोक पुढे येऊ शकतात. मागे हजारो असले तरी हत्यार चालवायला जागा मिळते ती पुढच्या मोजक्यांनाच. निसरड्या चढावर घोड्याचा जोर संपतो. आपल्या पूर्णेच्या मोकळ्या रानात तीनशे माणसांना घोडदळानं घटकाभरात घेरलं असतं. इथे मात्र सह्याद्रीच या तीनशेंच्या बाजूनं उभा होता. बाजी जखमांनी चाळण झाले तरी तोफेचा आवाज येईपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. तोफा झाल्या, मग त्यांनी प्राण ठेवला. बंधू फुलाजीप्रभूही याच लढाईत पडले. दोघा भावांच्या समाध्या विशाळगडावर आहेत.

पावनखिंडीला पुष्कळदा महाराष्ट्राची थर्मोपिली म्हटलं जातं. इसवी सनापूर्वी 480मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस अफाट सैन्य घेऊन ग्रीसवर चालून आला. स्पार्टाचा राजा लिओनिडास याने सुमारे सात हजार ग्रीकांसह त्याला थर्मोपिलीच्या खिंडीत अडवलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि सगळ्यात अरुंद ठिकाणी एका गाडीपुरतीच वाट. दोन दिवस इराणी सैन्य पुढे सरकू शकलं नाही. मग एफिअल्टीस नावाच्या स्थानिक माणसानं डोंगरातली आडवाट शत्रूला दाखवली. लिओनिडासनं बहुतेकांना परत पाठवलं आणि आपल्या तीनशे स्पार्टनांसह तो लढत मेला. थेस्पिया नगरातले सातशे जण स्वखुशीनं त्याच्यासोबत थांबले होते. जगानं तीनशेंना लक्षात ठेवलं आणि या सातशेंना जवळजवळ विसरून गेलं. आज ती जागाही तशी उरलेली नाही. नदीच्या गाळानं समुद्र काही किलोमीटर मागे हटला आहे. आपली खिंड मात्र अजून तशीच अरुंद आहे.

साम्य खरं आहे, पण फरक जास्त बोलका आहे. थर्मोपिलीत राजा खिंडीत उभा राहिला आणि पडला. इथे राजा पुढे गेला, कारण त्याच्या जिवावर राज्य उभं होतं, आणि हे राजापेक्षा त्याच्या माणसांनी आधी ओळखलं होतं. थर्मोपिलीत वळसा पडला आणि वाट शत्रूच्या हाती गेली. घोडखिंडीतल्या तीनशेंना वाट कायमची राखायचीच नव्हती, तोफेचा आवाज येईपर्यंतच राखायची होती. तेवढं काम त्यांनी चोख केलं. म्हणून मी ही लढाई पराभवातली शौर्यकथा मानत नाही. ठरवलेलं काम पुरं झालेली ही लढाई आहे.

त्याचं फळ पुढे दिसलं. पन्हाळा त्या वर्षी जौहरच्या हवाली करावा लागला खरा. पण 1661मध्ये महाराजांनी राजापूरवर छापा घालून तिथल्या इंग्रजांना कैद केलं. मार्च 1673मध्ये कोंडाजी फर्जंदनं साठ गड्यांनिशी पन्हाळा परत घेतला. 6 जून 1674ला रायगडावर राज्याभिषेक झाला. जेधे घराण्याकडे असलेला दरबारातला पहिल्या पानाचा मान महाराजांनी बांदलांना दिला, असं परंपरा सांगते, आणि घोडखिंडीची पावनखिंड झाली.

दरवर्षी जुलैमध्ये पन्हाळ्याहून मसाई पठार, करपेवाडी, आंबेवाडी असं चालत हजारो लोक इथे येतात. पूर्णा-परभणीकडच्या शाळांनी आपली मुलं एकदा या वाटेनं न्यावीत. पावसाळ्यात वाटाड्या सोबत घ्यावा, पायात पकड असलेले बूट असावेत, आणि नेलेला प्लास्टिकचा कचरा परत आणावा. खिंडीत उतरल्यावर घोषणा जरूर द्याव्यात, पण त्यानंतर पाच मिनिटं गप्प उभं राहावं. बाजींचं नाव आपल्याला ठाऊक आहे, फुलाजींचं आहे, शिवा काशीदचं आहे. बाकीच्या बांदलांपैकी बहुतेकांची नावं कोणत्याही दगडावर नाहीत. ती पाच मिनिटं त्यांच्यासाठी द्या.