वर ऊब, खाली पाणी

कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्सवर ब्रिसलकोन पाइनची बुटकी, पिळवटलेली झाडं उभी आहेत. त्यांतलं ‘मेथुसेलाह’ ४,८०० वर्षांहून जुनं. एडमंड शुलमन यांनी १९५७ साली त्याचं वय काढलं, तेही झाड न तोडता. पोकळ गिरमिट फिरवून खोडातून पेन्सिलीपेक्षा बारीक काडी काढायची आणि तिच्यावरच्या रेघा मोजायच्या. एक रेघ म्हणजे खोडातलं एक वलय, एक वर्ष.

वयाचं कौतुक पुष्कळ झालं. मला जास्त नवल वाटतं ते रेघांच्या जाडीचं. सिएरा नेवाडाची पर्वतरांग ओलांडतानाच ढग रिते होतात. पलीकडच्या या डोंगरांच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पाणी येतं, त्यातलं बरंचसं बर्फाच्या रूपात. उतारावर खाली असलेल्या झाडाला जाच पाण्याचा. अवर्षणाच्या साली त्याचं वलय केसाएवढं होतं. कधी खोडाच्या एखाद्या बाजूला उमटतच नाही, मग ते हरवलेलं वर्ष शेजारच्या झाडांशी ताडून शोधावं लागतं. आता चढत चढत ३,४०० मीटरच्या आसपास, वृक्षरेषेपाशी या; हिच्या वर झाडं वाढत नाहीत. जात तीच, डोंगर तोच, पण इथे जाच थंडीचा! नवं लाकूड धरायला ऊब लागते आणि ती उन्हाळ्यातले मोजके आठवडेच मिळते. म्हणून एखादा कडक, कोरडा उन्हाळा खालच्या झाडाचं वलय आकसवतो आणि वरच्याचं रुंदावतो.

२००९ साली संशोधक मॅथ्यू साल्झर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वृक्षरेषेजवळच्या पाइनची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली वलयं मागच्या ३,७०० वर्षांतल्या कोणत्याही अर्धशतकापेक्षा रुंद आहेत. हे घडलं ते वृक्षरेषेखालच्या सुमारे १५० मीटरच्या पट्ट्यात. उंचीतला एवढासा फरक, आणि त्याच हवेचा अर्थ बदलतो.

पण उंचावर नेहमी थंडीचंच राज्य असतं असंही नाही. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यात, वृक्षरेषेपाशी भूर्ज वाढतो. याच्याच सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. त्याची वलयं मार्च ते मेमधल्या पावसाच्या तालावर रुंद-अरुंद होतात. मोसमी पाऊस यायच्या आधी ऊन तापलं, की माती सुकते आणि वाढ खुंटते. वळीव हुकलेल्या उष्ण वर्षांत मध्य हिमालयातल्या या भूर्जांमध्येही वलयं गहाळ झालेली सापडतात.